आधी आपली माणसं

मंडळी, आज दुपारी आम्ही चंदीगडची तीन मराठी कुटुंबं डीव्हीडीवर एक भयाण सिनेमा बघत होतो. त्यात बाहेर विषारी हवा, तळघरात जागा थोडी आणि दार कोणासाठी उघडायचं ते आतले ठरवणार.

सिनेमा संपल्यावर वाद पेटला. जोशीकाका म्हणाले, "त्यात काय एवढं? आधी आपली माणसं, मग बाकीचे." आम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या.

माझी मुलगी इथेच वाढलेली, बोलते हिंदीतच. म्हणाली, "पर आई, यहाँ तो दरवाज़ा पंजाबियों के हाथ में होगा. हमें कौन लेगा?"

 टीपॉयवर शेजारच्या पंजाबी आंटींनी सकाळी पाठवलेल्या पिन्नी, म्हणजे तूप-कणकेचे लाडू, होते. आम्ही ते संपवत आणले होते.

खरं सांगा, त्या आंटींना तुम्ही दार उघडलं असतंत?