पाटावरची गिन्नी

नाशिकहून नंदुरबारची एसटी सुटली तेव्हा माझ्या पोलक्याच्या आत शिवलेल्या खिशात एक चपटी डबी होती आणि तिच्यात पाच गिन्न्या. शहाण्या बायका प्रवासात सोनं घेऊन निघत नाहीत. मी तर ते घरीसुद्धा कधी अंगावर घातलं नाही. विम्याच्या नोकरीत असताना जमेल तशी एकेक गिन्नी घेत गेले, आणि माझी नणंद दर दिवाळीला विचारत राहिली, वहिनी, हार कधी करणार? हार मला करायचाच नव्हता.

ज्यांना हा नाद नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. गिन्नी म्हणजे इंग्रजांचं सोन्याचं नाणं. एका बाजूला राजा, दुसऱ्या बाजूला घोड्यावर बसून एका अजस्र पंखवाल्या सर्पाला मारणारा त्यांचा एक संत. हे नाणं लंडनखेरीज त्यांच्या वसाहतींतल्या टाकसाळींतही पडायचं, आणि कुठे पडलं ते घोड्याच्या खुरांखाली एखाददुसऱ्या बारीक अक्षराने कळतं. दाढीवाल्या पाचव्या जॉर्ज राजाच्या काळातली सिडनीची, मेलबर्नची, पर्थची, प्रिटोरियाची आणि ओटावाची अशी एकेक माझ्याकडे होती. नव्हती ती मुंबईची. मुंबईच्या टाकसाळीने ती एकाच वर्षी, १९१८ साली पाडली. तिची खूण म्हणजे इंग्रजी ‘आय’, नुसती एक उभी रेघ. कॅनडाची मिळाली आणि शेजारच्या मुंबईची नाही, याची मला खरोखर लाज वाटायची. दोनदा घेतली आणि दोन्ही वेळा नकली निघाली. तेव्हापासून ठरवलं की घ्यायची तर जिथे ती पहिल्यापासून राहिली आहे अशा घरातूनच.

म्हणून नंदुरबारच्या सराफांचा फोन आला तेव्हा मी दुसरा विचार केला नाही. नाशिकच्या एका नाण्यांच्या प्रदर्शनात त्यांची ओळख झाली होती. त्यांचे पणजोबा मारवाडातून येऊन इथे स्थायिक झालेले. गृहस्थ मोजकं बोलणारे. रनाळ्याला एका घरी मुंबईची गिन्नी आहे, रविवारी या आणि तुमच्याही घेऊन या, म्हणजे शेजारी ठेवून बघता येईल, इतकंच त्यांनी सांगितलं.

साक्री मागे पडली आणि सपाट काळी रानं सुरू झाली. थंडीचे दिवस, कापूस वेचणीला आलेला, आणि नंदुरबार जवळ येताच रस्त्याच्या दोन्ही अंगांना मिरचीच्या पथारी (मिरची वाळवायची मोकळी मैदानं). एवढा लाल रंग मी एकावेळी कधी पाहिला नव्हता. बसमधून उतरून मी भान हरपून बघत उभी राहिले आणि वारा फिरला. पुढची दहा मिनिटं मी शिंकत होते, डोळ्यांतून पाणी, नाकाला पदर. अशा थाटात मी सराफांच्या पेढीवर पोहोचले. त्यांनी गुळाचा खडा आणि पाणी पुढे केलं. बाहेरगावचा प्रत्येक माणूस त्यांच्याकडे असाच येत असावा.

रनाळ्याच्या रिक्षात बसल्यावर मी विचारलं की ते लोक कितीला देतील. सराफ रस्त्याकडे बघत म्हणाले, “विकणार नाहीत ते. देव आहे त्यांचा.”

मी चिडलेच. हे फोनवर का नाही सांगितलं?

“तुम्ही विचारलं कुठे आहे. विकाऊ आहे का, ते कुठे विचारलं?”

तोंड फुगवून मी बाहेर बघत बसले. उत्तरेला सातपुड्याची निळी रेघ दिसत होती, हवा स्वच्छ होती आणि राग धरून ठेवायला सकाळ फारच चांगली होती. रनाळे येईपर्यंत तो निम्मा ओसरला.

गाव मोठं, नांदतं. एका रुंद गल्लीत समोरासमोर दोन घरं होती, एक जुनं आणि एक नव्या रंगाचं. जुन्यात थोरला मुलगा, नव्यात वर्षभरापूर्वी वेगळा निघालेला धाकटा, शाळेत शिक्षक. दोघांची आई, जिजी, जुन्या घराच्या ओट्यावर बसली होती. सराफांनी माझी ओळख ‘नाणी जमवणाऱ्या बाई’ अशी करून दिली. जिजींनी माझा रिकामा गळा आणि रिकामे हात नीट पाहिले, आणि मग आत ये म्हणाल्या.

देव्हारा स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात होता. रविवार खंडेरावाचा, म्हणून तांब्याच्या ताम्हनात देवांची आंघोळ चालू होती. चांदीचे तीन टाक (देवांच्या मूर्ती उठवलेले पत्रे) आणि त्यांच्यात ती. जिजींनी चिंचेचा गोळा घेतला आणि अंगठ्याने गिन्नी घासायला लागल्या.

नाणी जमवणाऱ्याचा पहिला नियम असा की नाणं कधी घासायचं नाही. ओल्या फडक्यानेही पुसायचं नाही. बोट लावायचं तर कडेला. आणि माझ्यासमोर मुंबईची गिन्नी चिंचेने घासली जात होती, दर रविवारी, चार पिढ्या. माझ्या तोंडून ‘अहो’ निघालंच. जिजींनी वर पाहिलं, हसल्या, आणि नाणं धुऊन तळहातावर माझ्यासमोर धरलं.

“हाऊ आम्ना खंडेराव शे, माय. घोडावर बठेल शे. खाले त्यान्हा कुत्रा शे.”

मी चष्मा सारखा केला. राजाची बाजू खाली होती. तिला ते देवाची पाठ म्हणतात. वरच्या बाजूला घोडा होता, घोडेस्वाराच्या हातात तलवार होती, डोक्यावर पगडीसारखं काहीतरी. आणि खालचा सर्प? त्याचे पंख, वेटोळं, शेपूट सगळं चिंचेने कधीच नेलं होतं. उरला होता एक उंचवटा, चार पायांवर उभा असल्यासारखा. तो कुत्राच होता. मला त्यात दुसरं काही दिसेना. जिजींच्या आजेसासऱ्यांनी कापूस विकून आणलेली ही गिन्नी, घोडा पाहून त्यांनी मोडली नाही, पाटावर बसवली. साहेबाचा संत खंडेराव झाला तो असा, आणि मला तो आधीपेक्षा जास्त देखणा वाटला.

भिंग लावू का, असं भीतभीत विचारलं. जिजींनी हात हलवला नाही, मीच वाकले. खुरांखालच्या खोबणीत जुना भंडारा साचलेला होता. त्या पिवळ्या रेषेच्या मधोमध, काठाच्या आडोशाने बचावलेली, एक उभी रेघ. जी वस्तू मी तीस वर्षं शोधली ती माझ्या नाकापासून चार बोटांवर होती, आणि ती माझी होणार नव्हती, आणि त्याचं मला तेवढं वाईट वाटत नव्हतं जेवढं वाटायला हवं होतं.

जेवायला कळण्याची (ज्वारी-उडदाच्या पिठाची) भाकरी, भरलेल्या मिरच्या आणि शेवेची भाजी होती. वाढत होती ती धाकटी सून सुनंदा, समोरच्या घरून आलेली. जेवताना कळलं की जिजींनी वर्षभरात गल्ली ओलांडून तिच्या घरी पाणीसुद्धा घेतलेलं नाही. भांडण नव्हतं. वेगळं निघालेल्या घरात स्वतःचे देव बसवावे लागतात. बाकीचे टाक सोनाराने करून दिले होते, पण या घराचा खंडेराव गिन्नीवरचा, त्यामुळे नव्या घरातही तसाच हवा, आणि तो बसल्याशिवाय ते घर जिजींच्या लेखी घर नव्हतं. सराफांकडे वर्षभरात अस्सल जुनी गिन्नी आलीच नव्हती, आल्या त्या नकली. चंपाषष्ठी आठवड्यावर आली होती. सुनंदा हे सांगताना तव्याकडे बघत होती. मी सराफांकडे पाहिलं. ते ताटातली मिरची अतिशय मन लावून खात होते. मला इथे कशासाठी आणलं होतं, ते तेव्हा लक्षात आलं.

सुनंदा माझ्यापाशी येऊन बसली. “ताई, तुम्नाकडे एखादी घोडावाली शे का?”

खोटं बोलता आलं असतं. डबी पोलक्यात होती, कोणी पाहिली नव्हती. पण समोर भाकरी होती, आणि तिचा चेहरा. मी डबी काढली.

मखमलीत सहा खाचे, पाच भरलेले. मनात एकच धावा चालला होता, ओटावाची नको, ती पुन्हा मिळायची नाही. जिजींनी अक्षरं पाहिलीच नाहीत. भंडाऱ्याने पिवळा झालेला अंगठा त्या एकेका घोड्यावरून फिरवत गेल्या. ओटावा ओलांडली, तेव्हा मी श्वास सोडला. आणि सिडनीच्या गिन्नीवर त्यांचा अंगठा थांबला.

ती माझ्या आईची. संग्रहातली पहिली आणि सगळ्यांत कमी मोलाची, कारण झिजलेली. तिच्या जागी चकचकीत घ्या, असं प्रत्येक व्यापाऱ्याने मला सांगून झालं होतं. आई ती तांदळाच्या डब्यात ठेवायची आणि काळजीत असली की काढून मुठीत फिरवत बसायची.

“हाई हातमा फिरेल शे,” जिजी म्हणाल्या. “बाकीन्या कोऱ्या शेत. हाईच जोयजे.” त्यांना हीच हवी होती.

ती आईची आहे, असं मी सांगितलं. जिजींनी गिन्नी लगेच परत खाच्यात ठेवली आणि माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. कोणी आग्रह केला नाही. सुनंदाने ताटं उचलायला घेतली. आग्रह झाला असता तर कदाचित मी डबी मिटली असती.

मी ती काढून सुनंदाच्या ओंजळीत घातली. देव फुकट घेत नाहीत, म्हणून तिच्या नवऱ्याने सोन्याचा त्या दिवशीचा भाव दिला, आणि मीही खोटं नको-नको केलं नाही. निघताना जिजींनी माझ्या कपाळाला भंडारा लावला, तो नाशिकपर्यंत पुसला नाही.

चंपाषष्ठीला सुनंदाने फोनवर फोटो पाठवला. पाटावर, भंडाऱ्यात, आईची गिन्नी. तिच्या बाजूला भरीत-रोडग्याचा नैवेद्य, आणि मागे भिंतीला टेकून बसलेल्या जिजी, हातात पाण्याचा पेला. मी तो फोटो मोठा करून फक्त पेलाच किती वेळ पाहिला.

गेल्या महिन्यात एका व्यापाऱ्याने सिडनीची चकचकीत गिन्नी दाखवली, सुनंदाच्या नवऱ्याने दिलेले पैसेही तसेच होते. मी घेतली नाही. परवा नणंद आली होती, तिने डबी उघडली आणि म्हणाली, वहिनी, आधी एक जागा रिकामी होती, आता दोन झाल्या, आणि ही मखमल पिवळी कशाने झाली?

मी तिला सांगितलं की त्या दोन्ही रनाळ्याला आहेत, एकाच गल्लीत, समोरासमोरच्या घरांत. दर रविवारी चिंचेने घासतात त्यांना.