संयोगिताबाईंचा तपकिरी रंग

वाईच्या संयोगिताबाई भोइट्यांना निम्मी माणसं आंधळी वाटत आणि उरलेली रंगांधळी. शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झाल्या, तरी खोड गेली नाही. शेजारणीनं घराला फिकट पिवळा दिला, तर "काविळीचा पेशंट दिसतोय," असं तिच्या तोंडावर सांगून आल्या.

त्यांची स्वतःची चित्रं भडक. लाल घाट, केशरी कृष्णामाई, हिरवंगार आभाळ. पाचगणी रस्त्यावरचा एक हॉटेलवाला ती हौसेनं घ्यायचा. बाई त्यालाही अडाणीच समजत, पण चित्रं देत.

सांगलीच्या एका प्रदर्शनात त्यांच्या शेजारची भिंत अर्जुना लोखंडेला मिळाली. माधवनगरचा हा पेंटर पूर्वी दुकानांच्या पाट्या रंगवायचा. त्याच्या चित्रांत नुसता तपकिरी आणि राखाडी: बंद गिरणीचं आवार, पत्र्याखाली बसलेली म्हैस.

"रंग परवडत नाहीत का हो?" बाईंनी चारचौघांत विचारलं.

"परवडत्यात की. पर गुलाल मिळतोय म्हणून रोज कोन फासतंय व्हय?"

असल्या माणसाशी काय बोलायचं, म्हणून बाईंनी पाठ फिरवली.

दिवेलागणीला लाइट गेली. खिडकीतून जेमतेम उजेड येत होता. बाईंनी आपल्या भिंतीकडे पाहिलं आणि त्या थबकल्या. घाट, झाडं, पाणी, सगळ्याचा एकच मळकट चिखल झालेला. पायऱ्या कुठं संपतात आणि नदी कुठं लागते, त्यांचं त्यांनाच कळेना. शेजारच्या म्हशीची पाठ मात्र तेवढ्याही उजेडात उठून दिसत होती. तिच्या पोटाखालची सावली हात घालावा इतकी खोल.

"बाई, लाइट गेली आन तुमची वाई बी गेली की!" अर्जुना खदाखदा हसला.

बाई घरी आल्या त्या तणतणतच. लाल-केशरी ट्यूबा खोक्यात कोंबून माळ्यावर टाकल्या आणि एक तपकिरी नि एक पांढरा घेऊन घाटावर बसू लागल्या. डोळे बारीक करून बघायचं, गडद किती, फिकट किती, एवढंच मांडायचं. सुरुवातीची चित्रं चहा सांडल्यासारखी झाली. त्यांचे यजमान जयराव फौजेतून सुभेदार होऊन आलेले. त्यांनी विचारलं, "रंग संपलं काय गं?"

"जन्मभर खाकी घातलीत. तुम्हाला काय कळणार?"

हॉटेलवाला म्हणाला, "मॅडम, जरा डल वाटतंय."

"मग भिंतीवर लुगडं टांगा," बाई म्हणाल्या. तो पुन्हा आला नाही.

पुढच्या वर्षी सांगलीला त्यांनी सगळी तपकिरीच चित्रं लावली. लोक "उदास वाटतंय" म्हणत पुढं सरकले. अर्जुना एकटा थांबला, बराच वेळ.

"सावली जमली," तो म्हणाला. "उजेड अजून उसना हाय."

परतीच्या एसटीत बाई त्याला मनातल्या मनात शिव्या घालत होत्या. उद्धट, जळका, पाट्या रंगवणारा! कराड मागं पडलं तरी राग उतरेना, कारण तो खरं बोलला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या घाटावर गेल्या. ओल्या पायरीवर ऊन पडलं होतं. पांढरा कितीही थापला तरी चित्रातली पायरी उजळेना. शेवटी त्यांनी पांढरा बाजूला ठेवला आणि भोवतीची भिंत गडद करत नेली. हळूहळू पायरीवर ऊन आलं.

ते चित्र त्यांनी कुणाला दाखवलं नाही. कळणारा माणूस एकच होता, आणि त्याचं तोंड बघायची बाईंची मुळीच इच्छा नव्हती.