भाऊजी आधी हॉटेलची मागची बाजू बघतात

माझ्या मोठ्या दिरांइतकं पर्यावरणप्रेमी गिऱ्हाईक कुठल्याही हॉटेलवाल्याला लाभलं नसेल, आणि लाभू नये अशीच त्या बिचाऱ्यांची प्रार्थना असेल. प्रवासात खोली बघण्याआधी भाऊजी हॉटेलची मागची बाजू बघतात. सांडपाणी कुठं जातं, चादरी कशात धुतात, खिडक्या पूर्ण उघडतात का. मग उशी नाकाला लावून डोळे मिटतात. एका मॅनेजरने कौतुकाने विचारलं, "सर, आपण पर्यावरण खात्यात का?" भाऊजी म्हणाले, "नाही हो, घाबरट खात्यात!" आम्ही पोट धरून हसलो. भाऊजी हसले नाहीत.

कारण मला पुढे सासूबाईंनी सांगितलं. भाऊजी बोईसरला रसायनांच्या कारखान्यात होते. एका दुपारी शेजारी स्फोट झाला. जीव वाचवायला ते आणि त्यांचा मित्र ज्या खोलीत शिरले, तिची खिडकी उघडेना. दाराच्या फटीतून वायू आत येत राहिला. मदत आली तेव्हा भाऊजी शुद्धीत होते. मित्र त्यांच्या मांडीवरच गेला होता.

मागच्या हिवाळ्यात आम्ही भाऊजींच्या छोट्या नातीला घेऊन मासवणजवळ एका शेतातल्या पाहुणघरात उतरलो. मातीच्या भिंती, मोठाल्या खिडक्या, न्हाणीचं पाणी थेट केळींना. भाऊजी जमिनीशी नाक नेऊन हुंगू लागले, तशी मालकीणबाई म्हणाली, "काका, काय हुंगताय? शेण हाय ते, सकालीच सारवलंय." भाऊजींचा चेहरा उजळला.

जेवायला बसलो आणि दूर कुठंतरी धडाम्‌ झालं. "बाहेर! रुमाल ओले करा!" भाऊजी ओरडले आणि नातीला काखेत मारून उष्ट्या हाताने शेतात धावले. त्यांचा तो आवाज ऐकून मीही धावले. थुंकी लावलेलं बोट वर धरून ते वाऱ्याची दिशा बघत उभे होते. एरवी हसू आलं असतं. पण काखेतली नात रडत होती आणि ते बोट काही खाली येत नव्हतं.

मालकीणबाई मागोमाग आली. "काका, खदानीत सुरुंग उडवला. रोजचाच हाय. भिऊ नका. तुमी आत चला."

भाऊजी ओशाळून आत आले. पानावर बसवेना, म्हणून खिडकीखाली आडवे झाले आणि बघता बघता त्यांचा डोळा लागला. माझ्या लग्नानंतर त्यांना दुपारी झोपलेलं मी प्रथमच पाहत होते. मी उंबऱ्यात बसून राहिले. येणाऱ्याजाणाऱ्याला गप्प करता येत होतं. पण खदान काही माझं ऐकणार नव्हती.