वडिलांचं नाव आणि मेलचा पत्ता

मी सर्वांत जास्त ऋणी आहे तो चाकणला माझ्या शेजारच्या गाळ्यात पत्रा कापायची प्रेस चालवणाऱ्या काकांचा. ते समोरच्याचं बोलणं पुरतं ऐकून घेतात, कानामागची पेन्सिल चाचपतात आणि मगच बोलतात.

फुकटच्या मेलवरून पाठवलेली माझी कोटेशन कंपन्या उघडतच नव्हत्या. गाळा सोडायची वेळ आली, तेव्हा मी स्वतःचं डोमेन, म्हणजे मेलच्या पत्त्यात लागणारं धंद्याचं नाव, घ्यायला निघालो. आमच्या घरातला मी पहिला पदवीधर, वडिलांच्या कष्टांवर शिकलेला. त्यामुळे वडिलांचं अख्खं नाव, गाव, पुढे ‘इंजिनिअरिंग वर्क्स’ असं सगळं त्यात घालायचं ठरवलं आणि काकांना सांगितलं.

काकांनी मला चालू प्रेसशेजारी उभं केलं. “समज, मी कंपनीतला खरेदीचा सायब. फोनवर सांग पत्ता.”

मी ओरडून सांगू लागलो आणि निम्म्यातच दमलो.

“आरं, पत्ता हाय का लग्नपत्रिका? सायबाला रोज फसवे मेल येत्यात. असलं लांबडं नाव बघून तो मेल उघडायचा न्हाई.”

“पण काका, वडिलांचं नाव...”

“ते पाटीवर लाव की!”

दुसऱ्या दिवशी त्यांनी पाटी स्वतः रंगवून आणली. मी नुसतं आडनाव आणि डॉट इन घेतलं. संध्याकाळी त्यांना लिहिलं:

‘काका, नव्या पत्त्यावरून हा पहिला मेल. कोटेशन अजून पाठवलेलं नाही. हा पोचला असेल तर भिंत ठोका, मग पाठवतो.’