कुलूप लागल्याचा दाखला

माझा धाकटा भाऊ शिलाईकाम करतो. जवळा बाजारच्या आठवडी बाजारात त्याच्या मशीनची जागा वीस वर्षांपासून ठरलेली आहे. तिथला नियम अलिखित, पण सर्वमान्य: सलग तीन बाजार जागा रिकामी राहिली, तर जो आधी पोते अंथरील त्याची ती.

भावाला स्किझोफ्रेनिया आहे. गोळ्यांनी कानातले आवाज थांबले आणि काही महिन्यांत दुसरेच सुरू झाले. खोलीला कुलूप लावायचे, सात वेळा ओढून पाहायचे, बाजाराला जाणाऱ्या जीपपर्यंत जायचे आणि परत यायचे. आवाज त्याला परक्याचे वाटत. ही शंका मात्र स्वतःची आहे आणि खोटी आहे, हे तो जाणून होता. तरी पाय मागे फिरत आणि जीप निघून जाई.

मी न्यायालयात लिपिक होतो. तोंडी शब्दाला मी किंमत देत नाही. म्हणून मी त्याला दाखले देऊ लागलो. ‘प्रमाणित करण्यात येते की, सदर खोलीचे कुलूप आज सकाळी साडेसात वाजता माझ्या समक्ष लावण्यात आले.’ खाली सही, तारीख. आरंभी एक दाखला पुरला. मग तीन लागू लागले. पुढे सही माझीच कशावरून, असेही तो विचारू लागला.

हे सांगायला रुग्णालयात गेलो, तर खिडकीवर मला ऐकवण्यात आले, “आवाज बंद झाले ना? मग कुलपाचं काय घेऊन बसलात?” मी तिथेच बाकावर बसून पत्र लिहिले. कायद्याने रुग्णाला उपचाराचा हक्क दिला आहे. अर्ध्या आजारावर भागवून घ्या, असे कोणत्या कलमात म्हटले आहे, ते लेखी कळवावे. पोच घेतल्याशिवाय मी उठलो नाही.

पुढच्या आठवड्यात डॉक्टर बाईंनी आम्हा दोघांना आत बोलावले.

“काका, तुमचं म्हणणं खरं आहे. आवाज आणि अशी शंका, एकाच माणसाला दोन्ही आजार असू शकतात. कधी कधी आवाजांवरची गोळीच अशा शंका वाढवते. मी औषधात बदल करते.” एवढ्यात भावाने खिशातून दाखल्यांची चळत काढली. त्यांनी दोन वाचले. “हे कोण लिहितं?”

“मी.”

“अक्षर सुरेख आहे. आजपासून बंद करा. दर वेळी तुम्ही शंकेचं अपील दाखल करून घेता, म्हणून ती पुन्हा येते.”

हा युक्तिवाद मला खोडता आला नाही. त्याचाच राग मी तीन दिवस घरात काढला.

दाखले थांबताच शंका अधिक उसळली. लागोपाठ दोन बाजार बुडाले. तिसऱ्या बाजाराच्या सकाळी भाऊ कुलूप लावून माझ्यापुढे उभा राहिला.

“दादा, लागलं ना?”

मी चपला पायांत सरकवू लागलो.

“काहून बोलत न्हाई? जन्मभर साऱ्या हापिसांना उत्तरं मागितली, अन् आता स्वतः एक देत न्हाई.”

मला हसू आले, पण उत्तर मी दिले नाही. तो कुलपाकडे वळला. हात पुढे गेला आणि कुलपाजवळ अडला. बराच वेळ तसाच राहिला. मग त्याने तो हात सदऱ्याला पुसला आणि तो चालू लागला. कोपऱ्यावर थांबला. मी दारातूनच पाहत होतो. तो वळला नाही. जीप त्याला घेऊन गेली.

मागची जीप पकडून मी जवळ्याला पोहोचलो. त्याच्या जागेवर एक चपलावाला पोते गुंडाळत पुटपुटत होता, “अजून घंटाभर आला नसतास मास्तर, तर जागा माझीच होती.”

“होती ना. आता उचल.” मशीनवर बसलेला भाऊ म्हणाला. पुढ्यात एक बाई नातीचा फाटका झगा धरून उभी होती आणि दोन बाजार कुठे दडी मारलीस म्हणून त्याला सुनावत होती. तो दोरा ओवत हसत होता.

त्याने मान वर केली. “दादा, उजेडातून सरका. गिऱ्हाईक येऊन राहिलं.”

मी सरकलो.