दोन हातांत मावणारा कुत्रा

आमच्या क्लबमध्ये कुत्रा नसलेला माणूस मी एकटाच. शारजात, अल नहदाला आम्ही राहतो त्या बिल्डिंगमध्ये कुत्रा पाळायला बंदी आहे, आणि नसती तर बायकोने घातली असती. मला तिथे ओढून नेलं माझ्या मित्राने. तो वसईचा, दुबईतल्या एका हॉटेलात स्टोअर सांभाळायचा. तिथला एक शेफ देश सोडताना टेरियरचं पिल्लू त्याच्या गळ्यात मारून गेला होता.

क्लब शिकारी टेरियरांचा. ही बुटकी, खरखरीत केसांची जात मुळात बिळात शिरून कोल्ह्याला बाहेर काढण्यासाठी तयार केलेली. इथे रानातलं जनावर मारायला मनाई, म्हणून आमची शिकार उंदरांची. हिवाळ्यात शनिवारी सकाळी एका अरबी शेतमालकाच्या चाऱ्याच्या गोदामावर सगळे जमायचे. गुडघ्यापर्यंत बूट, गळ्यात शिट्ट्या, काखेत कुत्र्यांच्या वंशावळीच्या फायली. डोंगर पोखरून उंदीर काढतात तो असा, असं मी एकदा म्हणालो तर मित्राला राग आला होता.

कुत्रा एक वर्षाचा झाला की त्याची नोंदणी व्हायची. त्याआधी छाती मोजायची, पण टेपने नाही. कुत्र्याला मागून धरून पुढचे पाय उचलायचे आणि खांद्यांच्या मागे दोन्ही हातांचा वेढा घालायचा. वर अंगठे आणि खाली बोटं एकमेकांना टेकली पाहिजेत. टेकली नाहीत तर हा कुत्रा बिळात अडकणार, म्हणून त्याला शिकारीत घ्यायचं नाही.

हे माप क्लबच्या अध्यक्षबाई घ्यायच्या. बाई स्कॉटलंडच्या, सत्तरीच्या. संधिवाताने बोटं वाकली तेव्हा त्यांनी सगळ्यांचे हात पाहिले. माझे ना मोठे ना लहान, शिवाय कुत्रा नाही म्हणजे कुणाची बाजू घेणार नाही, म्हणून काम माझ्याकडे आलं. हात दाखवून अवलक्षण! पण खोटं कशाला सांगू, मला बरं वाटलं होतं. दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कमधल्या फॅक्टरीत मी एसीच्या डक्टची मापं तपासतो. तिथे माझ्या मापाचं कौतुक कुणालाच नाही.

मित्राचा कुत्रा वर्षाचा व्हायला आणि मित्राची नोकरी जायला एकच गाठ पडली. वसईच्या दोन खोल्यांत म्हातारी आई, तिला दमा. कुत्रा नेता येईना. शेतमालक ठेवून घ्यायला तयार होता, पण त्याला शिकारीचा, नोंद झालेला कुत्रा हवा होता. नाहीतर शेल्टर, आणि तिथले पिंजरे आधीच भरलेले.

मी वेढा घातला. मित्र पट्टा धरून समोर उकिडवा बसला होता. वर अंगठे टेकले. खाली बोटांमध्ये करंगळीएवढी फट राहिली. मी पुन्हा आवळलं. कुत्रा कण्हला, फट तेवढीच.

"टच?" बाईंनी विचारलं.

"टच," मी म्हणालो.

उंदीरच तर मारायचेत, गोदामात कसलं आलंय बीळ, असा मी विचार केला होता. मित्र विमानतळावर मला मिठी मारून म्हणाला, "हबीबी, तुझ्यामुळे त्याची लाइफ सेट झाली."

पुढच्या हिवाळ्यातली गोष्ट. गोदामाच्या काँक्रीटखालून सांडपाण्याचा एक जुना पाइप जात होता. एक उंदीर त्यात पळाला आणि त्याच्या मागे दोन कुत्रे शिरले. पहिला दुसऱ्या तोंडातून बाहेर आला. माझ्या मित्राचा आला नाही. तो आतून भुंकत होता. शेतमालकाने ब्रेकर मागवला आणि दोन कामगार फरशी फोडायला लागले. आवाज नेमका कुठून येतो ते ऐकायला मी जमिनीला कान लावून पालथा पडलो होतो. नंतर आवाज यायचा थांबला. पाइप फोडून त्याला काढलं तेव्हा तो संपला होता.

शेतमालकाने डोक्याचं फडकं काढून त्याच्यावर घातलं. "नसीब, भाई," तो मला म्हणाला. क्लबने दोष पाइपला दिला आणि दोन्ही तोंडांना जाळ्या बसवल्या. माझ्याबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही. मला इतकी लाज वाटत होती की कुणीतरी चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. पुढच्या शनिवारी मनगट दुखतंय असं सांगून मी मापाचं काम सोडलं. बाईंना तेही खरं वाटलं.

मित्राला फोन करायला मी आठ दिवस लावले. पाइपचं सांगितलं. मग फटीचंही सांगितलं.

"माहितीये मला," तो म्हणाला. "मी समोरच बसलो होतो ना. दिसली होती मला फट."

पलीकडे त्याची आई खोकत होती.

"किती वेळ भुंकत होता रे?"

लगेच गेला, त्रास झाला नाही, असं सांगता आलं असतं. ओठांवर आलंही होतं.

"दीड तास," मी म्हणालो.