दुधाचा रकाना

माझं अक्षर चांगलं आहे, आणि या एकाच गुणावर मी आयुष्यात बरंच काही बिघडवलं. संस्थानच्या कचेरीत कारकून झालो तो अक्षरामुळे, आणि थोरल्या भावाच्या वह्या गळ्यात पडल्या त्याही अक्षरामुळेच.

दादा डॉक्टर. पुण्यात जम बसवायचा सोडून तो भोरला परतला. आमच्या भागातल्या माणसांच्या छातीत एवढी जळजळ का होते, घशाशी आंबट का येतं, हे त्याला शोधून काढायचं होतं. सुट्टीच्या दिवशी आम्ही बैलगाडीने वेल्ह्याकडच्या गावांत जायचो. दादा पोट दाबून बघायचा, प्रश्न विचारायचा; मी रकाने भरायचो. काय खाल्लं, कधी खाल्लं, मग काय झालं.

पुरुष हौसेने सांगायचे. नाचणीची भाकरी, ठेचा, ठेच्यात मिरच्या किती तेही. बायका पदर सावरून नवऱ्याकडे बघायच्या.

"तिला काय इचारता डाक्टर? आमी खाल्लं त्येच तिनं खाल्लं."

"त्यांना बोलू द्या. बाई, तुम्ही काय खाल्लंत?"

"समद्यांनी खाल्लं त्येच की."

मग मी बाईच्या रकान्यात 'वरीलप्रमाणे' लिहायचो. सुबक, एका रेषेत. बायका सगळ्यांच्या मागून जेवतात आणि तोवर टोपल्यात काय उरतं, हे आम्हाला ठाऊक नव्हतं असं नाही. आमच्याही घरी तेच होतं. पण 'वरीलप्रमाणे' लिहिलं की गाडी पुढच्या घराकडे निघायची.

पुढे वहिनींच्याच पोटात दुखू लागलं. जठरात जखम आहे, असं दादाचं निदान. तिखट बंद, आणि दर दोन तासांनी पेलाभर दूध. त्यांची वेगळी वही केली. कचेरीतून आलो की मी विचारायचो.

"वहिनी, दूध?"

"घेतलं की, भावोजी."

"सगळे पेले?"

"सगळे. लिहा पटकन, चहा निवतोय."

मी लिहायचो आणि चहा प्यायचो. दोन कप, दादाकडे दुखणेकरी बसलेले असले तर त्यांच्या सोबतीला तिसरा. हल्ली आपला चहा फार दाट होतो, असं दादा एकदा म्हणाला. म्हैस बदलली असेल, असं मी ज्ञान पाजळलं. वहिनी हसल्या आणि पोटावर हात दाबून आत गेल्या.

दोन महिने वही भरत गेली. दूध: घेतले. दुखणे: कमी नाही. शेवटी दादा म्हणाला, "दुधाचा काही उपयोग होत नाही. या आजाराबद्दल आपण समजतो तेच चूक असावं." त्याने दूध थांबवलं आणि तसा निबंध लिहायला घेतला.

त्यानंतर थोड्याच दिवसांत वहिनींना रक्ताची उलटी झाली. पुण्याला न्यायला निघालो. नसरापूरच्या अलीकडे दादाने गाडी थांबवायला सांगितली. नाडी हातात धरून तो तसाच बसून राहिला. मग म्हणाला, "मागे फिरव."

वहिनींचं दिवसपाणी झाल्यावर भांडी घासणाऱ्या बाईंनी काळा चहा माझ्यापुढे ठेवला. मी तोंड वाकडं केलं असणार.

"आता ग्वाड नाही लागायचा," त्या म्हणाल्या. "वयनी आपलं दूध समदं चात वतायच्या. पाव्हन्याम्होरं काळा चा कसा ठिवायचा, म्हनायच्या. पेला तेवडा दुधानं इसळून घासायला टाकायच्या, कुनी बगितलं तर."

तो चहा मी प्यायलो नाही. दादाचा निबंध अर्ध्यावर आला होता. सांगितलं नसतं तरी चाललं असतं, असं मी त्या दिवशी बऱ्याच वेळा स्वतःला समजावलं. मग वही घेऊन त्याच्या खोलीत गेलो आणि सांगितलं.

त्याने वही माझ्या हातून घेतली.

"तू रोज प्यायचास तो चहा?"

"हो."

"मीही," तो म्हणाला.

निबंध त्याने फाडला. मग वेल्ह्याकडच्या सगळ्या वह्या काढायला लावल्या आणि जिथे जिथे 'वरीलप्रमाणे' होतं, तिथे आपल्या वेड्यावाकड्या अक्षरात लिहू लागला: 'विचारले. पाहिले नाही.' वहिनींच्या वहीत तर रोजच्या रोज, एकेका पेल्यापुढे.

चार दिवस लागले. मी शेजारी बसून टीपकागद दाबत होतो. त्या कामाला अक्षर लागत नाही.